अनंताच्या कळ्या, पिवळी पानं आणि तुमचे प्रश्न

गेल्या अंकात सुवासिक झुडपांवर लिहिताना अनंतावर मी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, की हे झाड सुंदर आहे पण त्याला आम्ल माती लागते आणि त्याची जागा सारखी बदललेली त्याला आवडत नाही. त्या चार ओळींवरच सगळ्यात जास्त पत्रं आली. म्हणून या वेळचं सगळं सदर अनंतासाठीच ठेवलंय. सारखेच प्रश्न एकत्र केलेत, त्यामुळे तुमचं पत्र शब्दशः दिसलं नाही तरी उत्तर इथं सापडेल.

प्रश्न: नर्सरीतून अनंत आणला तेव्हा त्यावर वीस-बावीस कळ्या होत्या. लगेच मोठ्या कुंडीत लावला, खत घातलं, रोज पाणी घालते. पंधरा दिवसांत एकेक करून सगळ्या कळ्या गळाल्या, एकही उमलली नाही. माझं काय चुकलं?

आधी एक सांगते, झाड मेलेलं नाही आणि तुम्ही काही मोठा गुन्हाही केलेला नाही. अनंताकडे त्रास दाखवायची एक ठरलेली पद्धत आहे, ती म्हणजे कळी टाकून देणं. पानं, खोड, मुळं वाचवायची तर आधी ज्यावर सगळ्यात जास्त ताकद खर्च होते ते सोडायचं, असं ते झाड करतं.

आता तुमच्या झाडाचं बघा. नर्सरीत ते दमट हवेत, जाळीच्या सावलीत, शेजारच्या शंभर झाडांना चिकटून उभं होतं. तिथून ते तुमच्या घरी आलं म्हणजे ऊन बदललं, हवा कोरडी झाली, वारा लागला, हा एक धक्का. त्याच आठवड्यात कुंडी बदलली म्हणजे बारीक मुळं तुटली, हा दुसरा. खत हा तिसरा, आणि तुटक्या मुळांना रोजचं पाणी हा चौथा. यातला एखादा धक्का त्याने सोसला असता, चारही एकदम नाही सोसले.

कळ्यांवर असलेलं झाड आणलं तर निदान ती फुलं होऊन जाईपर्यंत त्याला त्याच कुंडीत राहू द्यायचं. सकाळचं ऊन आणि दुपारी सावली मिळेल अशी एक जागा ठरवायची आणि मग तिथून हलवायचं नाही, अगदी कुंडी फिरवायचीसुद्धा नाही. खत नाही. पाणी कधी घालायचं हे कॅलेंडरवर नाही, बोटावर ठरवायचं, मातीत बोटाची दोन पेरं घाला, खाली ओल लागली तर आज पाणी नको, कोरडं लागलं तर कुंडीच्या खालच्या भोकातून पाणी येईपर्यंत घाला आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका. एक दिवस तळं आणि चार दिवस दुष्काळ असं झालं की कळ्या हमखास गळतात.

गळलेली कळी फेकायच्या आधी हातात घेऊन नीट बघा, ती बरंच सांगते. कळी हिरवीगार आहे आणि देठाच्या सांध्यातून स्वच्छ सुटून आली असेल तर कारण पाणी, कोरडी हवा किंवा जागाबदल. कळी टोकाकडून तपकिरी झालीय, पाकळ्यांच्या कडांवर चट्टे आहेत, तर एक पांढरा कागद खाली धरून झाडावरची दुसरी कळी त्यावर टिचकी मारून झटका. बारीक, लांबट, स्वल्पविरामाएवढे किडे पळताना दिसले तर ते फुलकिडे. मग कळ्यांवर कडुनिंबाच्या तेलाचा फवारा लागेल, पाणी कमी-जास्त करून उपयोग नाही.

अजून एक कारण आहे आणि त्यावर आपला फारसा इलाज नसतो, ते म्हणजे रात्रीचं तापमान. रात्री साधारण 15 ते 18 अंश असल्या की अनंत कळ्या छान धरतो, रात्रीचा पारा 21-22 च्या खाली उतरतच नाही अशा दिवसांत नव्या कळ्या कमी धरतात आणि धरलेल्याही गळतात. तेव्हा नुसत्या सलग गरम रात्री चालू असतील तर झाडावर औषधांचा मारा करू नका, थांबा.

प्रश्न: पानं पिवळी पडतायत पण शिरा हिरव्या राहतायत. एप्सम सॉल्ट दोनदा घातलं, फरक शून्य.

फरक पडणार नाहीच, कारण एप्सम सॉल्टमध्ये मॅग्नेशियम आहे आणि तुमच्या झाडाला बहुतेक लोह मिळत नाहीये. हे ओळखायचं कसं तर पिवळेपणा कुठल्या पानांवर आहे ते बघायचं. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या जाळीसारख्या उठून दिसतायत, म्हणजे लोहाची कमतरता. खालची जुनी पानं कडेकडून पिवळी होतायत आणि मधला भाग हिरवा राहतोय, म्हणजे मॅग्नेशियम. आणि खालची चार-पाच पानं पूर्ण पिवळीधमक होऊन गळतायत पण वरून नवी हिरवी पालवी येतेय, तर तो काही आजार नाही, जुनी पानं अशीच जातात.

माझी स्वतःची गोष्ट सांगते. मी अनंत लावला तो भिंतीला अगदी खेटून, भिंत नुकतीच गिलावा केलेली. मला वाटलं आडोसा मिळेल. पहिल्या वर्षी बरा होता, दुसऱ्या वर्षी शेंडे पिवळे, मग नवी पानं जवळजवळ पांढरी यायला लागली आणि कडा जळाल्या. मी हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट, घालत गेले, घातलं की आठ दिवस जरा हिरवं वाटायचं आणि परत तेच. शेवटी माती तपासली तर सामू, म्हणजे आम्लता मोजायचा पीएच हा आकडा (जितका कमी तितकी माती आम्ल), 8 च्या जवळ. गिलाव्यातला चुना प्रत्येक पावसात आणि प्रत्येक पाण्यात थोडा थोडा मुळांशी उतरत होता. मी वरून लोह ओतत होते आणि माती ते तिथल्या तिथे बंद करून टाकत होती.

खरं दुखणं हेच आहे. मातीत लोह नसतं असं फार क्वचित होतं, उलट भरपूर असतं. पण सामू 7 च्या वर गेला की ते लोह न विरघळणाऱ्या रूपात जातं आणि अनंताच्या मुळांना ते घेताच येत नाही. अनंताला 5 ते 6 सामू मानवतो. 6 आणि 7 ऐकायला जवळचे वाटतात पण ही मोजपट्टी अशी आहे की एका अंकाने आम्लता दहा पटीने बदलते, 6 आणि 8 मध्ये शंभर पटीचा फरक झाला.

म्हणून काही ओतायच्या आधी तपासा. एक वाटी माती आणि दोन-अडीच वाट्या डिस्टिल्ड वॉटर ढवळून अर्धा तास ठेवा, वरच्या निवळीत पीएचची पट्टी बुडवा. आणि ज्या पाण्याने रोज शिंपता ते पाणीही तपासा, हे बरेच जण विसरतात. बोअरचं जड पाणी असेल, बादलीला पांढरा थर धरत असेल तर माती कितीही चांगली भरा, त्या पाण्यातले क्षार काही महिन्यांत सामू वर नेऊन ठेवतात. पावसाचं पाणी साठवता आलं तर अनंताला त्यासारखं दुसरं काही नाही, ते मुळातच किंचित आम्लधर्मी असतं.

उपाय दोन टप्प्यांत करा. लगेच हिरवं व्हायला चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपात बांधून ठेवलेलं लोह. पाकिटावर ईडीटीए लिहिलेलं लोह साधारण साडेसहा सामूपर्यंतच नीट काम करतं, त्याच्या वरच्या मातीला ईडीडीएचए लिहिलेलं घ्या, ते चुनखडीच्या मातीतसुद्धा टिकतं. प्रमाण पाकिटावर असेल तेवढंच, जास्त नको. हा झाला तात्पुरता आधार. मूळ काम म्हणजे सामू उतरवणं, त्यासाठी गंधकाची भुकटी मातीत मिसळतात. मातीतले जिवाणू हळूहळू त्याचं आम्ल बनवतात, त्याला आठवडे नाही, महिने लागतात, आणि माती गार किंवा कोरडी असेल तर अजूनच वेळ. धीर सुटून दुप्पट गंधक घालू नका. कुंडीतलं झाड असेल तर मी सरळ माती बदला म्हणेन. माझा अनंत मी उपटून भिंतीपासून पाच फूट लांब नव्या मातीत लावला. पूर्ण एक वर्ष फूल नाही दिलं त्याने, पण पहिली गडद, चकचकीत पानं दिसली तेव्हाच माझ्या जिवात जीव आला.

प्रश्न: आम्लता वाढवायला चहाचा चोथा, कॉफीचा चोथा, लिंबाचं पाणी, व्हिनेगर यातलं काय चांगलं? मी अंड्याची टरफलंही घालतो.

टरफलं आजच बंद करा, राखही घालत असाल तर तीही. दोन्हीने माती आम्ल होण्याऐवजी उलट दिशेला जाते, दुसऱ्या झाडांना चालेल, अनंताला नाही.

वापरलेल्या कॉफीच्या चोथ्यात आम्लता फारशी उरलेली नसते, ती कॉफीबरोबर कपात गेलेली असते. चोथा कंपोस्टमध्ये घाला, तिथे उत्तम. मातीवर जाड थर दिला तर त्याची पापडी बनते आणि पाणी खाली उतरत नाही. लिंबू-व्हिनेगरचा परिणाम दोन-चार दिवसांचा, आणि जरा घट्ट झालं तर बारीक मुळं भाजतात. मी वापरत नाही आणि तुम्हीही वापरू नका.

प्रश्न: माझ्या अनंताला फुलं भरपूर येतात पण वास अजिबात नाही. असं होतं का?

अनंताला वास नाही असं होत नाही हो. मला शंका आहे ती ही, की तुमच्याकडे डबल तगर आहे. नर्सरीत दोन्ही शेजारी असतात, दोघांची पानं गडद हिरवी चकचकीत, फुलं पांढरी आणि भरगच्च, चुकणं अगदी सोपं आहे. ओळखायची खूण अशी, एक पान देठाशी तोडा. पांढरा चीक आला तर तगर. अनंताला चीक नसतो. तगरही छान झाड आहे, उलट फार कमी कटकटीचं आहे, ठेवा तिला. पण वास हवा तर अनंत वेगळा आणावा लागेल, आणि आणताना तिथेच एक पान तोडून बघा.

नावाचा घोटाळा अनंताच्या बाबतीत जुनाच आहे. परदेशात हे झाड पहिल्यांदा पोचलं तेव्हा त्याला भरगच्च फुलाची जाई समजले होते. 1761 मध्ये जॉन एलिस यांनी ते जाईचं नाही हे मांडलं आणि अलेक्झांडर गार्डन या डॉक्टर-निसर्गअभ्यासकाच्या नावावरून गार्डेनिया असं नाव दिलं, पण पुढे जास्मिनॉइडिस, म्हणजे जाईसारखा, ही आठवण राहिलीच. प्रत्यक्षात हे कॉफीच्या कुळातलं झुडूप आहे.

प्रश्न: झाड पाच फूट झालंय, पानं हिरवीगार, पण दोन वर्षं फूल नाही. दर वर्षी नियमाने छाटतो.

कधी छाटता हे तुम्ही लिहिलं नाहीत आणि बहुतेक तिथेच उत्तर आहे. अनंत पुढच्या बहराच्या कळ्या फार आधीपासून फांद्यांच्या टोकाला तयार करायला घेतो, आपल्याला त्या दिसत नाहीत इतकंच. बहर यायच्या तोंडावर झाड नीटनेटकं करायला कात्री चालवली की फुलंच कापली जातात. छाटणी एकदाच, मोठा बहर ओसरला की लगेच, त्यानंतर महिन्याभरात उरकून टाकायची आणि मग कात्री कपाटात.

दुसरं, खत कुठलं घालता? नुसतं युरियासारखं नत्र असेल तर पानंच येणार. तिसरं, ऊन. सकाळचं चार-पाच तास ऊन नाही मिळालं तर झाड जगतं, हिरवंही राहतं, पण फुलत नाही.

प्रश्न: नवीन घरासमोर थोडी जमीन आहे. अनंत कुठं आणि कसा लावू म्हणजे वास घरात येईल?

हा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण बहुतेक जण झाड लावून झाल्यावर विचारतात.

अनंताचा वास संध्याकाळी चढतो. पांढरं फूल आणि रात्रीचा वास ही जोडी पतंगांसाठी असते, निशाचर पतंग अंधारात पांढऱ्या रंगावर आणि वासावर येतात. म्हणजे तुम्ही संध्याकाळी जिथे बसता त्या जागेचा विचार करा, दिवसा जिथून फोटो चांगला येतो त्या जागेचा नाही. खिडकी, ओटा किंवा दाराची पायरी, यापासून पाच-सहा फुटांवर, आणि संध्याकाळचा वारा ज्या बाजूने घराकडे येतो त्या बाजूला. अगदी पलंगाच्या उशाच्या खिडकीला लावू नका, बहरात वास इतका दाट असतो की काहींचं डोकं दुखतं.

भिंत, सिमेंटचा कट्टा, काँक्रीटची वाट यापासून निदान चार फूट लांब, का ते वर सांगितलंच. मोठ्या झाडाच्या मुळांशी नको. कुंपणासारखी रांग करायची असेल तर दोन झाडांत साधारण तीन-चार फूट अंतर, कारण जातीप्रमाणे तो तीन फुटांपासून आठ फुटांपर्यंत वाढतो. रॅडिकन्स नावाची बुटकी, पसरणारी जातही मिळते, जागा कमी असेल तर ती बघा.

लावायच्या आधी खड्ड्याला पाणी देऊन बघा. बादलीभर पाणी ओतल्यावर ते तासा-दोन तासांत जिरलं तर ठीक, दुसऱ्या दिवशीही तसंच उभं असेल तर तिथे लावू नका किंवा वितभर उंच वाफा करून त्यावर लावा. खड्डा पिशवीच्या दुप्पट रुंद पण पिशवीएवढाच खोल, आणि मातीचा गोळा जमिनीच्या पातळीपेक्षा बोटभर वरच राहू द्या, माती बसली की तो खाली जातो. खोल गाडलेला अनंत हळूहळू कुजतो. मातीत पालापाचोळ्याचं कुजलेलं खत भरपूर मिसळा, मग वरून सुक्या पानांचं दोन-तीन इंच आच्छादन द्या, फक्त खोडाला टेकवू नका. आणि एक कळकळीची विनंती, त्याच्या बुंध्याशी खुरपं चालवू नका. याची मुळं अगदी वरच्या थरात पसरतात, आपण तण काढतोय असं वाटतं आणि खाली मुळं तुटत असतात. तण हाताने उपटा.

प्रश्न: पानांवर काजळीसारखा काळा थर आलाय, पुसला तर निघतो पण परत येतो.

काजळी हा वरचा देखावा आहे, चोर पानाच्या मागे बसलाय. पान उलटं करा. पांढरी माशी, मावा, कापसासारखा पिठ्या ढेकूण किंवा फांदीला चिकटलेले तपकिरी खवले, यातलं काहीतरी दिसेल. हे सगळे रस शोषतात आणि गोड चिकट द्रव टाकतात, त्यावर ती काळी बुरशी वाढते. झाडावर मुंग्यांची रांग असेल तर खात्रीच समजा, त्या गोडासाठीच येतात आणि किडीची राखणही करतात.

पाण्याच्या जोरदार धारेने पानं मागून धुवा. मग एक लिटर कोमट पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि चार-पाच थेंब पातळ साबण, चांगलं हलवून संध्याकाळी फवारा, पानांच्या मागे आधी. भर उन्हात फवारलं तर पानं भाजतात. दर सात-आठ दिवसांनी तीन-चार वेळा करावं लागतं, एकदा करून सोडलं तर अंडी फुटून सगळं पहिल्यापासून. खवले असतील तर जुन्या टूथब्रशने घासून काढा, त्यांच्यावर नुसता फवारा बसत नाही.

प्रश्न: फांदीपासून रोप होईल का?

होतं, आणि सहज होतं. या वर्षीची फांदी घ्या, पूर्ण हिरवी लुसलुशीत नको आणि लाकूड झालेलीही नको, वाकवली तर वाकावी आणि जास्त वाकवली तर काड्कन मोडावी अशी. चार-पाच इंचाचा तुकडा, पेराच्या जरा खाली कापलेला, खालची पानं काढलेली, वरची दोन-तीन ठेवलेली, त्यांवर कळी असेल तर खुडून टाका. ओलसर कोकोपीट आणि जाड वाळूत खोचा, वरून पारदर्शक पिशवी घाला, सावलीत ठेवा. चार ते आठ आठवड्यांत मुळं येतात. उपटून बघू नका, हलकेच ओढल्यावर विरोध जाणवला की मुळं आली. मातीत सूत्रकृमींचा त्रास असेल, म्हणजे मुळांवर गाठी दिसत असतील, तर स्वतःच्या मुळांवरचं रोप तिथे टिकणार नाही, कलमी रोप शोधा.

प्रश्न: एकच दिवस फूल पांढरं राहतं, मग पिवळं पडतं. रोग आहे का?

रोग नाही, फुलाचं वय आहे. संध्याकाळी कधी दहा मिनिटं कळीजवळ बसून बघा, छत्री मिटवून पिळावी तशी ती पिळलेली असते, बाहेर फिकट हिरव्या रेषा, आणि तो पीळ सुटत सुटत पाकळ्या मोकळ्या होतात. पहिल्या दिवशी शुभ्र, मग साय धरल्यासारखा रंग, मग लोण्यासारखा पिवळा, आणि दोन-तीन दिवसांनी तपकिरी. पाकळीला बोट लावलं तर तेवढ्याच जागी तपकिरी डाग पडतो, म्हणून फुलदाणीत ठेवायचं असेल तर फक्त देठाला धरून तोडा आणि पूर्ण उमलायच्या जरा आधी तोडा. झाडावर सुकलेली फुलं रोजच्या रोज काढा, त्यांच्यातच फुलकिडे राहतात.

प्रश्न: आमच्या कुत्र्याच्या पिल्लाने अनंताची पानं चावली. विषारी आहे का?

कुत्र्या-मांजरांना अनंत थोडा बाधतो, उलटी, जुलाब किंवा अंगावर गांधी उठणं असं होऊ शकतं, सहसा सौम्य असतं. तोंडातले तुकडे काढा, पाणी पाजा, आणि उलट्या थांबत नसतील किंवा पिल्लू मलूल वाटलं तर तोडलेली एक फांदी सोबत घेऊन लगेच प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जा, झाड कुठलं ते त्यांना दाखवता येईल. झाड काढायची गरज नाही, पिल्लू मोठं होईपर्यंत बुंध्याभोवती जाळी लावा, फक्त ती मुळांत खोल खुपसू नका.